जुना प्रोजेक्टर बदलताना: मे ते ऑक्टोबर २०२५

घरातला अकरा वर्षांचा प्रोजेक्टर काढून नवा बसवायला आम्हाला २०२५ चा मे ते ऑक्टोबर एवढा काळ लागला. यंत्र निवडण्यात त्यातला थोडाच वेळ गेला. बाकीचा गेला मोजमापं घेण्यात, वाट पाहण्यात आणि छतातल्या एका पाइपात. कुणाचा जुना प्रोजेक्टर शेवटच्या टप्प्यावर असेल तर पुढे काय काय येतं हे आधी कळावं, म्हणून खर्चासकट सगळं लिहिते आहे.

आमचं घर कोल्हापुरात. तळमजल्यावरची तेरा बाय अकरा फुटांची खोली सिनेमासाठी ठेवलेली आहे आणि समोरच्या भिंतीवर पक्क्या चौकटीचा शंभर इंची पडदा आहे. माझे वडील आमच्याजवळ राहतात. गुडघ्यांमुळे थिएटरच्या पायऱ्या त्यांना जमत नाहीत आणि सिनेमाचं वेड तर लहानपणापासूनचं. त्यामुळे ही खोली आमच्याकडे चैनीची नाही, रोजच्या वापरातली आहे.

बिघाड पहिल्यांदा बाबांच्याच लक्षात आला. मार्चमध्ये त्यांच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मे महिन्यात ते म्हणायला लागले, "चित्र पिवळट दिसतंय गं, आणि अंधारलेलंही." मोतिबिंदूमुळे डोळ्यातलं भिंग पिवळं पडलेलं असतं. ते निघालं की निळा रंग नव्याने उठून दिसतो. आम्ही रोज तेच चित्र बघत असल्याने आमच्या डोळ्यांना फरक जाणवत नव्हता, त्यांना मात्र लगेच जाणवला. मेन्यूत जाऊन बघितलं तर दुसऱ्या दिव्याचे ३,१०० तास भरले होते. दिव्याचं आयुष्य म्हणून कंपन्या जे तास छापतात, ते साधारणपणे तेज निम्म्यावर येईपर्यंतचे असतात. म्हणजे दिवा पेटतो आहे याचा अर्थ तो पुरेसा उजेड देतो आहे असा नाही.

जूनमध्ये पडद्यावर पांढरे ठिपके दिसायला लागले. आधी एक, मग तीन-चार, मग मोजणं सोडून दिलं. आमचा जुना प्रोजेक्टर डीएलपी जातीचा. त्याच्या आत नखाएवढ्या चिपवर सुमारे २० लाख सूक्ष्म आरसे असतात, प्रत्येक आरसा म्हणजे चित्राचा एक बिंदू. उष्णतेने आणि वयाने आरसे एका बाजूला अडकले की ते बिंदू कायमचे पांढरे राहतात. सर्व्हिसवाल्यांकडून उत्तर यायला दोन आठवडे लागले. दिवा सुमारे १९,००० रुपयांना मिळेल, चार ते सहा आठवडे थांबावं लागेल, चिप मात्र आता येत नाही. ठिपके तसेच राहणार असतील तर १९,००० रुपये घालण्यात अर्थ नव्हता. बदलायचा हे तिथे ठरलं. ते ठरल्यावर सुटल्यासारखं वाटलं खरं, पण दीड लाखाच्या पुढचा खर्च डोळ्यांसमोर उभा राहिला की पोटात गोळाही यायचा.

दुकानात जाण्याआधी आम्ही एक गोष्ट केली आणि ती सगळ्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं. टेप घेऊन खोली मोजली. शंभर इंची पडदा म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच. जुन्या प्रोजेक्टरची लेन्स पडद्यापासून २७५ सेंटिमीटरवर होती. या अंतराला पडद्याच्या रुंदीने भागलं की येतो तो थ्रो रेशो, आमचा १.२४. प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो, उदाहरणार्थ १.३२ ते २.१५. त्यातल्या लहान आकड्याला पडद्याच्या रुंदीने गुणलं की कळतं, प्रोजेक्टर किमान किती लांब हवा. १.३२ गुणिले २२१ म्हणजे २९२ सेंटिमीटर. असं मॉडेल घेतलं तर छतावरचा जुना ब्रॅकेट किमान १७ सेंटिमीटर मागे न्यावा लागणार, हे आम्हाला यंत्र बघण्याआधीच माहीत झालं. प्रोजेक्टरच्या मागे वायरी आणि गरम हवेसाठी फूटभर जागा सुटते का, तेही तेव्हाच बघून घेतलं.

उजेडाचा हिशेबही घरीच होतो. ल्युमेन्सला, म्हणजे प्रोजेक्टर एकूण जेवढा उजेड फेकतो त्या आकड्याला, पडद्याच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने भागायचं, मग ३.१४ ने भागायचं, आलेलं उत्तर म्हणजे पडद्यावरचं तेज निट्समध्ये. डिजिटल सिनेमागृहाचं प्रमाण ४८ निट्स आहे. आमच्या पडद्याचं क्षेत्रफळ २.७६ चौरस मीटर. म्हणजे पूर्ण अंधारात, साध्या पांढऱ्या पडद्यावर, सुमारे ४२० ल्युमेन्स खरोखर पोहोचले तरी थिएटरइतका उजेड मिळतो. रंग नीट लावल्यावर जाहिरातीतल्या आकड्यातून बरेच ल्युमेन्स गळतात आणि दिवा म्हातारा होत जातो, हे धरूनही २,५०० ते ३,००० चा प्रोजेक्टर आम्हाला पुरून उरणार होता. ४,००० च्या मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजायचा विचार आम्ही त्या कागदावरच खोडला. ज्यांच्याकडे दिवसा पडदे न ओढता बघायचं आहे त्यांचं गणित वेगळं.

जुलैत पुण्याला डेमो बघायला गेलो. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे तेव्हा रस्त्यात बराच वेळ जात होता; पहाटे निघालेलं बरं. डेमोची वेळ फोन करून पक्की करा, आणि आपल्या पाहण्यातले प्रसंग पेन ड्राइव्हवर घेऊन जा. दुकानात दाखवतात ते समुद्र, पोपट आणि फळांचे तुकडे कुठल्याही प्रोजेक्टरवर छान दिसतात. आम्ही नेले होते एक रात्रीचा प्रसंग, एक उन्हातल्या चेहऱ्यांचा आणि एक कृष्णधवल, ज्याखाली पांढरी सबटायटल्स होती.

तो कृष्णधवल तुकडा माझ्या लेकीसाठी होता. एका चिपच्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक पडद्यावर येतात, फिरत्या रंगचक्रातून, इतक्या वेगाने की बहुतेकांच्या मेंदूला ते एकत्रच दिसतात. काहींच्या डोळ्यांना मात्र नजर हलवली की पांढऱ्या अक्षरांच्या कडेला रंग सुटे होऊन चमकताना दिसतात. लेक त्यांतली. जुन्या प्रोजेक्टरवर ती अर्ध्या तासात डोकं धरून उठायची. थ्रीएलसीडी या दुसऱ्या जातीच्या प्रोजेक्टरमध्ये प्रकाश आधीच तीन रंगांत विभागला जातो, तीन वेगळ्या पॅनेलांतून जातो आणि लोलकात पुन्हा एकत्र येतो. तिन्ही रंग एकाच वेळी पडद्यावर असल्याने तो प्रकार होतच नाही.

इथे एक सौदा करावा लागला. आमच्या बजेटमधल्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये ०.४७ इंची चिप असते. तिच्यावर १९२० बाय १०८० आरसे असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये चित्र चार जागी सूक्ष्म सरकवून ८३ लाख बिंदू, म्हणजे पूर्ण फोर-के, तयार केले जातात. त्याच किमतीचा थ्रीएलसीडी दोनच जागी सरकवतो, सुमारे ४१ लाख. कागदावर निम्मे. विक्रेत्याने प्रामाणिकपणे हे सांगितलं आणि दोन्ही शेजारी लावून दाखवले. पडद्याला नाक लावलं की फरक दिसत होता. तीन मीटरवर, म्हणजे आमच्या सोफ्याच्या अंतरावर बसलो की मला सांगता येत नव्हतं. याला कारण आहे. चांगल्या नजरेला तीन मीटरवरून साधारण ०.९ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखू येत नाही. शंभर इंची पडद्यावर फुल एचडीचा बिंदू १.१५ मिलिमीटरचा असतो, फोर-केचा ०.५८. म्हणजे फुल एचडीपेक्षा पुढे गेल्याचा फायदा डोळ्याला मिळतो, पण त्यापुढचा बराचसा हातातून निसटतो. लेकीला शेवटपर्यंत बसून सिनेमा बघता येणं मला त्या ४२ लाख बिंदूंपेक्षा मोलाचं वाटलं.

दिव्याऐवजी लेझरवर चालणाऱ्या प्रोजेक्टरचाही विचार झाला. २०,००० तासांचं आयुष्य आणि चालू करताच पूर्ण उजेड. पण आमचा वापर वर्षाला सहाशे तासांच्या आसपास आहे. दिव्याचे पूर्ण तेजात ३,५०० तास धरले तरी जवळपास सहा वर्षं निघतात, इको, म्हणजे कमी तेजाच्या मोडमध्ये त्याहून जास्त. लेझरसाठी लाखभर रुपये जास्त मागत होते. जेव्हीसी आणि सोनी यांच्या प्रोजेक्टरांवरचा काळा रंग बघून घरचे सगळे गप्प झाले, पण ते अनेक लाखांचं काम. बघायला जरूर बघा, काळं म्हणजे काय ते कळतं.

आम्ही घेतलेल्या मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. खोली बदलली की उत्तर बदलतं.

भाव ठरला १,७२,८०० रुपये, त्यात २८ टक्के जीएसटी. पैसे भरायचे तेवढ्यात १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जीएसटीत मोठे बदल येणार असं जाहीर केलं. नवऱ्याचं म्हणणं, थांबू. दुकानदाराचं म्हणणं, मॅडम, गणपतीची ऑफर नंतर नसेल. बातम्यांत सगळीकडे टीव्ही आणि एसी, प्रोजेक्टरचं नाव कुठेच नाही. मी बिलावर येणारा एचएसएन क्रमांक, म्हणजे करासाठी वस्तूचा प्रकार सांगणारा आकडा, विचारून घेतला, ८५२८. याच शीर्षकाखाली टीव्ही, मॉनिटर आणि प्रोजेक्टर तिन्ही येतात. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि प्रसिद्ध झालेल्या यादीत मॉनिटर व प्रोजेक्टर २८ वरून १८ टक्क्यांवर आलेले दिसले. दर लागू होणार २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेला.

मधल्या काळात बाबांना त्या ठिपक्यांमधूनच बघावं लागत होतं, ते मनाला लागायचं. ते मात्र म्हणाले, "इतकी वर्षं बघतोय, अजून थोडे दिवस काय." दुकानदाराकडून मी लेखी घेतलं की मूळ किंमत तीच राहील आणि बिल नव्या दराने निघेल. घटस्थापना झाल्यावर बिल निघालं ते असं: मूळ किंमत १,३५,०००, सीजीएसटी ९ टक्के १२,१५०, एसजीएसटी ९ टक्के १२,१५०, एकूण १,५९,३००. साडेतेरा हजार वाचले. कर कमी झाला की मूळ किंमत हळूच वर सरकत तर नाही ना, हे बघायला बिलाची अशी फोड मागून घ्यावी. बिलावर यंत्राचा सिरियल नंबर आहे का तेही बघा. वॉरंटीच्या नोंदणीला बिलाचा आणि त्या नंबराचा फोटो लागतो आणि दिव्याची वॉरंटी यंत्रापेक्षा वेगळी, कमी मुदतीची असते.

खोकं चार दिवसांत आलं. कुरिअरवाल्यासमोर बाहेरच्या बाजूंचे फोटो काढले, खोलताना व्हिडिओ केला. छतावर चढवण्याआधी टेबलावर ठेवून दोन संध्याकाळी चालवला. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून मृत बिंदू तपासले. यंत्र बदलून मागायचं असेल तर ते वर जाण्याआधी मागणं सोपं.

आता पाइप. अकरा वर्षांपूर्वी छताच्या कडेने पाऊण इंची पाइप टाकून त्यातून एचडीएमआय केबल नेलेली. ती जुन्या प्रतीची, फोर-के साठ फ्रेमला लागणारी १८ गिगाबिटची वाहतूक तिला झेपत नाही, आणि दहा मीटर लांबीवर तांब्याच्या केबलचा भरवसा तसाही कमीच. म्हणून फायबरची केबल मागवली. आमचे इलेक्ट्रिशियन दादा आले, केबलचं टोक हातात घेऊन पाइपाकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, ह्यातनं हे डोकं जायचं न्हाई. एल्बोच्या तिथं अडकणार बघा." एचडीएमआयचं डोकं प्लास्टिकसकट सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असतं, पाइपही बाहेरून तेवढाच. भिंत फोडायची तयारी ठेवावी लागणार असं वाटून माझा सगळा उत्साह ओसरला.

यावर उपाय म्हणजे सुट्या डोक्याची फायबर केबल. तिच्या टोकाला छोटं मायक्रो एचडीएमआय असतं, ते पाइपातून ओढून काढायचं आणि मग मोठं डोकं बसवायचं. पहिली केबल परत केली, ही ६,८०० रुपयांना आली. दादांनी जुनी केबल ओढून काढताना तिच्याच शेपटाला नायलॉनची दोरी बांधली, म्हणजे दोरी आपोआप आत गेली. "बघा की, आता दोरी आतच ठिवायची. फुडं कवा लागली तर," असं म्हणत त्यांनी नव्या केबलबरोबर आणखी एक दोरी सोडून दिली. फायबरच्या केबलला दिशा असते. एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, आणि पाइपात घालण्याआधी ती जमिनीवर पसरून चालवून बघायची असते. कोपऱ्यावर तिला घडी पडू द्यायची नाही.

ब्रॅकेट मागे घेताना स्लॅबला नवी भोकं पाडावी लागली. दादांनी आधी छतातल्या वायरिंगचा माग काढला, मग दोन इंच खोलीचे अँकर फास्टनर मारले. नवा ब्रॅकेट २,४००, त्यांची दोन दिवसांची मजुरी ३,०००.

आवाजाचा प्रश्न वेगळाच निघाला. आमचा जुना एव्ही रिसीव्हर, म्हणजे स्पीकरांना आवाज पुरवणारं यंत्र, फोर-केची कॉपी-संरक्षण पद्धत, एचडीसीपी २.२, ओळखत नाही. त्याच्यामधून चित्र नेलं की स्ट्रीमिंगची डबी गुपचूप फुल एचडीवर उतरते. नवा रिसीव्हर घेण्याऐवजी २,९०० रुपयांचा एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर मध्ये बसवला. चित्र थेट प्रोजेक्टरकडे जातं, आवाज ऑप्टिकल वायरने रिसीव्हरकडे. ऑप्टिकलमधून साधं डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, अ‍ॅटमॉस जात नाही. आमचे स्पीकर पाचच, म्हणून चाललं.

चित्र जुळवायला मी सुट्टीचा आख्खा दिवस राखून ठेवला होता. कीस्टोन शून्यावर ठेवा, हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. कीस्टोन वाकडं चित्र सरळ करताना बिंदू कापतो, लेन्स शिफ्ट, म्हणजे लेन्सच सरकवणं, कापत नाही. प्रोजेक्टर पडद्याला काटकोनात टांगा, उरलेलं लेन्स शिफ्टने खाली-वर घ्या. फोकस अर्ध्या तासाने करा, कारण लेन्स तापल्यावर तो थोडा सरकतो. आमच्याकडे अक्षरांच्या कडेला लालसर रेघ दिसत होती आणि मी घाबरले. थ्रीएलसीडीत तीन पॅनेल एकमेकांवर तंतोतंत बसावे लागतात, एखाद्या बिंदूएवढा फरक राहू शकतो, आणि मेन्यूतल्या पॅनेल अलाइनमेंटने तो बराचसा निघतो. निघाला. मग रंगांसाठी नॅचरल मोड, ६,५०० केल्विन, आणि चित्र गुळगुळीत करणारी फ्रेम-भरणी बंद. सिनेमा २४ फ्रेमचा असतो, त्याला तसाच राहू दिला की माणसांची हालचाल माणसांसारखी दिसते.

या सगळ्यात सर्वांत जास्त फरक कशाने पडला, तर रंगाच्या डब्याने. आमचं छत चकचकीत पांढऱ्या पीओपीचं. पडद्यावरचा उजेड छताला लागून परत पडद्यावर यायचा आणि काळं करडं व्हायचं. पडद्यापासून चार फुटांपर्यंतचं छत आणि बाजूच्या भिंती गडद राखाडी मॅट रंगाने रंगवून घेतल्या, मजुरीसकट ५,२०० रुपये. रात्रीचा जो प्रसंग पुण्यात दाखवून घेतला होता, तो घरी त्याच प्रोजेक्टरवर दुकानातल्यापेक्षा खोल दिसला. नव्या यंत्राचा खर्च झेपत नसेल त्यांनी आधी हे करून बघावं, जुन्याच प्रोजेक्टरवर.

शेवटचा खर्च एक केव्हीएचा यूपीएस, ५,६००. प्रोजेक्टर साडेतीनशे वॉटच्या आसपास ओढतो, त्यामुळे संगणकाचा लहान यूपीएस पुरत नाही. वीज अचानक गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो, ते टाळण्यासाठी हा. सगळं धरून १,८५,२०० रुपये झाले.

दसऱ्याला बाबांच्या आवडीचा कृष्णधवल सिनेमा लावला. लेक शेवटपर्यंत बसली. मध्यंतराला बाबांनी एवढंच विचारलं, "ह्याची धूळ कोण पुसणार?" रास्त प्रश्न आहे. थ्रीएलसीडीला हवेचा फिल्टर असतो आणि तो साफ ठेवावा लागतो, नाही तर धूळ आत जाऊन चित्रात डाग दिसतात. महिन्यातून एकदा व्हॅक्यूमने, मऊ ब्रशने. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरू नये म्हणून आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवायचा, असं ठरवलं आहे.

राहिला जुना. एका ओळखीच्या शिक्षिकेने शाळेसाठी मागितला होता. तिला घरी बोलावून दिवसाच्या उजेडात लावून दाखवला. वर्गात तो दिसणार नाही हे तिनेच मान्य केलं, आणि नवा दिवा शाळेने विकत घ्यावा असं सांगणं मला पटलं नाही. या दिव्यांत पारा असतो, त्यामुळे भंगारवाल्याकडे तो जाऊ द्यायचा नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत; तो अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावा, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अशा केंद्रांची यादी मिळते. दिवा न फोडता काढला, फोममध्ये गुंडाळून त्यावर "पारा आहे" असं लिहिलं, आणि यंत्राबरोबर वेगळ्या खोक्यात दिला. पैसे मिळाले नाहीत, पावती मिळाली. ती नव्या बिलाच्याच फाइलमध्ये लावून ठेवली आहे.